अल्बेनियन कुणाची कोण?

इंडो-युरोपीय भाषांचा वंशवृक्ष कुणाला दाखवला, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन ओलांडून नजर बाल्कनच्या कोपऱ्यात अडते. थ्रेशियन, डेशियन, इलिरियन, तिथल्या आता लुप्त झालेल्या भाषा. तिघींना, आणि आजही बोलल्या जाणाऱ्या अल्बेनियनशी त्यांच्या नात्याला, तुटक रेघा आणि वर प्रश्नचिन्ह. मग हमखास विचारलं जातं, "एवढे विद्वान बसलेत, तरी कुणाची कोण हे ठरत कसं नाही?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी एका अंगठीचं.

1912 साली बल्गेरियातल्या एझेरोवो गावी एक सोन्याची अंगठी सापडली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली. तिच्यावर ग्रीक लिपीत, पण थ्रेशियन भाषेत, 61 अक्षरं आहेत, सलग, मध्ये कुठे जागा न सोडता. 'रोलिस्तेनेआस्नेरेनेआ...' असं सगळं वाचता येतं, अर्थ मात्र लागत नाही. ज्यानं त्यानं शब्द आपापल्या जागी तोडले आणि आपापला अर्थ काढला. मी थोडीफार मोडी वाचते. तिथेही शब्द एकमेकांना चिकटलेलेच असतात, पण आत मराठी आहे हे ठाऊक असल्यानं सुटत जातात. थ्रेशियन कुणाला येतच नाही, तर तोडायचं कुठे?

इलिरियनचं तर त्याहून वाईट. तिचा खात्रीचा असा एकही लेख नाही. अल्बेनियात श्कोडरजवळ मिळालेली एक अंगठी बरेच दिवस इलिरियन म्हणून मिरवली, त्यात देवीचं नावही शोधून झालं. नंतर कळलं, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी वाचायची होती. मजकूर साधा बायझंटाइन, म्हणजे मध्ययुगीन ग्रीक: प्रभो, ॲनाला सांभाळ. (मला ही गोष्ट फार आवडते. हसू येतं ते स्वतःचंही.)

मग उरतात गावांची नावं. डॅन्यूब नदीच्या बाजूला 'दावा'वर संपणारी, दक्षिणेकडे 'पारा'वर संपणारी. एवढ्यावरून बल्गेरियन भाषातज्ज्ञ व्लादिमिर गेओर्गिएव्ह म्हणाले, डेशियन आणि थ्रेशियन वेगळ्या. पण प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहून गेलाय की डेशियन आणि गेटी या टोळ्यांची बोली एक, आणि गेटी थ्रेशियनच बोलतात. शिवाय बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराचं जुनं नाव पुल्पुदेवा, 'दावा'च्याच कुळातलं, आणि ते ऐन दक्षिणेत! उद्या नुसत्या 'दौलताबाद' या नावावरून कुणी ठरवलं, की देवगिरीच्या पायथ्याची माणसं घरात फारसी बोलायची, तर?

अल्बेनियन इलिरियनची लेक असं आवर्जून सांगितलं जातं. असेलही. पण अल्बेनियनचं हाती असलेलं सर्वांत जुनं वाक्य 1462 सालचं, बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायचं. इलिरियन ते हे वाक्य, मधल्या हजार-दीड हजार वर्षांत अल्बेनियनची एक ओळ नाही.

अल्बेनियनची नातलग म्हणून माझा थोडा विश्वास आहे तो मेसापियन या जुन्या भाषेवर. इटलीच्या टाचेत बोलली जायची ती. तिचे शेकडो कोरीव लेख आहेत. त्या भाषेत हरणाच्या डोक्याला 'ब्रेन्तिओन' म्हणत, म्हणून दोन शिंगांसारखे फाटे असलेल्या बंदराचं नाव ब्रिंडिसी पडलं. आणि अल्बेनियनमध्ये शिंगाला आजही 'ब्री' म्हणतात.

माझ्याकडच्या चित्रात मेसापियन ते अल्बेनियन ही रेघ मी पेन्सिलीनं जरा गडद केली आहे. त्या तिघींना हात लावलेला नाही.