अठ्ठावीस नंबरची तार

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. तिथल्या यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या माणसाची मी मुलगी, आणि सध्या राहते खऱ्या मँचेस्टरात. एमएस्सी करताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं. ते मी एका व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात करते. आईला ‘इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान’ एवढंच सांगितलंय. अण्णांना खरं काय ते माहीत आहे, पण त्यांना त्यातल्या तारेत रस, धुरात नाही.

आपल्याकडं हा धंदा २०१९ च्या कायद्यानं बंद आहे. विक्री, आयात, साठा, जाहिरात, सगळंच. विकताना सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. इथं सिगारेट सुटावी म्हणून व्हेप वापरा असं सरकारी आरोग्यसेवाच सांगते, आणि कधी सिगारेट ओढली नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका, असंही बजावते. मी स्वतः ओढत नाही. कोणाचं बरोबर या वादात मी इथं शिरत नाही.

आमच्याकडं येणारी बहुतेक गिऱ्हाइकं तयार कॉइल, म्हणजे आत तापणाऱ्या तारेचं वेटोळं, विकत घेतात. १ जून २०२५ पासून वापरून फेकायचे व्हेप इथं बंद झाले, तेव्हापासून तर तयार कॉइलच्या डब्या भराभर संपतात. कॉइल जळाली की फेकायची, नवी बसवायची. पण काही जुनी खोडं अजून स्वतःची कॉइल स्वतः वळवतात. त्यांच्याकडं रिबिल्डेबल अ‍ॅटमायझर असतो. एक नाण्याएवढी चकती, तिच्यावर दोन खांब, खांबांत स्क्रू. त्या दोन खांबांत तारेचं वेटोळं आवळायचं, वेटोळ्यातून कापूस ओवायचा, कापसाला लिक्विड पाजायचं. तार तापली की वाफ. बाकी सगळी झगमग वरची.

या कामावर मला लावलं ते माझ्या हातामुळं. शाळेत असताना सुट्टीत मी अण्णांच्या दुकानात बसायचे. जळक्या मोटारीतलं जुनं तांबं उपसायचं, स्लॉटमध्ये वीज अडवणारा लेदरॉइड पेपर घालायचा, फर्म्यावर वेढे मोजत कॉइल काढायची. वेढा चुकला तर अण्णा ओरडत नसत, फक्त सगळं परत सोडवायला लावत. ती सवय इथं कामाला आली. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्की करून घ्यावी लागली. आपल्याकडं वाइंडिंगच्या तारेची जाडी एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापात मोजतात, इथल्या व्हेपच्या तारेवर लिहिलेला नंबर एडब्ल्यूजी या अमेरिकन मापाचा असतो. आपला अठ्ठावीस म्हणजे ०.३७६ मिलिमीटर, यांचा अठ्ठावीस म्हणजे ०.३२. डोळ्याला फरक दिसत नाही, मीटरला दिसतो.

त्या शनिवारी आले ते आजोबा सत्तरीचे. ट्रॅफर्ड पार्कमधल्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. पूर्वी दिवसाला तीस सिगारेटी ओढायचे, असं त्यांनी पहिल्याच भेटीत अभिमान आणि लाज दोन्ही मिसळून सांगितलं होतं. त्यांनी काउंटरवर पितळेची नळी ठेवली. ‘‘ही चावायला लागलीय, लव्ह. घशाला चटका बसतो, कापूस दोन दिवसांत काळा, सेल दुपारीच झोपतो. आणि बटन बघ, हात लावून बघ.’’

बटन खरंच कोमट होतं, आणि ते दुकानात शिरल्यापासून त्यांनी एकदाच दाबलेलं होतं.

ही नळी म्हणजे मेकॅनिकल मॉड. आत १८६५० मापाचा एक सेल, खाली बटन, वर अ‍ॅटमायझर. मध्ये सर्किट नाही, फ्यूज नाही, आकडे दाखवणारा पडदा नाही. बटन दाबलं की सेलचा सगळा जोर सरळ तारेवर. सर्किटवालं यंत्र कॉइलचा रोध फार कमी दिसला तर चालूच होत नाही. ही नळी कशालाच नाही म्हणत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर असली नळी कोणी विकू नये, पण इथं ती कायद्यानं मिळते आणि आजोबांसारखे लोक ती जिवापाड सांभाळतात.

मॅनेजरनं बटन उघडून बघितलं. आतले काँटॅक्ट काळे पडले होते. ‘‘हेच कारण. पॉलिश करून दे, पाच मिनिटांचं काम,’’ म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काळा काँटॅक्ट म्हणजे रोध, रोध म्हणजे उष्णता, म्हणून बटन गरम. पण घशाला चटका का? काँटॅक्ट खराब असेल तर कॉइलला वीज कमी मिळायला हवी, वाफ मंद व्हायला हवी. इथं उलटंच चाललं होतं. अण्णांच्या दुकानात मोटार आली की आधी मीटर, मग पक्कड. मी पॉलिशचं कापड बाजूला ठेवलं आणि अ‍ॅटमायझर काढून टेस्टरवर चढवला.

पडद्यावर आलं, ०.१० ओम.

आजोबांना विचारलं, किती असायला हवं? ते म्हणाले, ‘‘अठ्ठावीस नंबरचं कांथल, अडीच मिलिमीटरच्या ड्रिलवर आठ वेढे. वर्षानुवर्षं हेच. एक पूर्णांक चार, कधी पाच.’’ कांथल म्हणजे व्हेपची नेहमीची तापणारी तार. मी कागदावर मांडलं. एका वेढ्याला जवळपास नऊ मिलिमीटर तार, आठ वेढ्यांना एकाहत्तर, दोन्ही टोकांचे पाय धरून साधारण ऐंशी. या जाडीच्या कांथलचा रोध मीटरला अठरा ओमच्या आसपास. म्हणजे १.४४. त्यांचा हिशोब चोख होता.

मग शॉर्ट? मॅनेजर लांबूनच म्हणाला, ‘‘पाय टोपणाला लागत असेल.’’ तसं पुष्कळदा होतं. स्क्रूबाहेर तारेचं एक कुसळ राहिलं की ते वरच्या टोपणाला टेकतं. भिंग लावून बघितलं. पाय खांबाला घासून कापलेले. कॉइल चकतीपासून नीट वर उचललेली. आठही वेढे सारखे, एकही तिरका नाही. फिटरचा हात होता तो. असं सुबक काम बघितलं की माझा संशय कारागिरावरून उठतो आणि मालावर जातो. आमच्याकडं तांब्याच्या नावाखाली अ‍ॅल्युमिनियमची तार येते. वरून तोच इनॅमल, तोच रंग. ब्लेडनं खरवडलं की आत पांढरी निघते.

‘‘तार नवीन आहे का?’’

नवीन नव्हती, पण नव्यानं वापरायला घेतलेली होती. त्यांचं जुनं रीळ संपलं होतं. भाच्यानं हा छंद सोडला तेव्हा आपला सगळा डबा मामाला दिला होता, त्यातलं रीळ त्यांनी काढलं. पिशवीतून तो डबाच बाहेर आला. त्यात दोन रिळं. एकावर कांथलची चिकटपट्टी शाबूत, दुसऱ्यावर पेनानं लिहिलेलं नुसतं २८.

मॅनेजर आता इकडं आला होता. त्यानं दुसऱ्या रिळाला लोहचुंबक लावलं. तार चिकटली. ‘‘कांथलच आहे,’’ तो म्हणाला. कांथल म्हणजे लोखंड, साधारण बावीस टक्के क्रोमियम आणि पाच-सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम. स्वीडनमध्ये भट्ट्यांसाठी बनवलेला मिश्रधातू, लोहचुंबकाला चिकटतो. नायक्रोम, म्हणजे निकेल-क्रोमियमची तार, चिकटत नाही, व्हेपमध्ये वापरतात ते स्टेनलेसही सहसा नाही. म्हणून दुकानात ही परीक्षा चालते. पण चिकटणारा आणखी एक धातू आहे, निकेल.

दोन्ही रिळांची टोकं बोटाला गुंडाळून सोडली. कांथल लगेच उसळून मोकळं झालं. दुसरी तार गुंडाळली तशीच ओल्या सुतासारखी बोटाला बिलगून राहिली. तरी डोळ्यांवर आणि बोटांवर भिस्त ठेवायची नव्हती. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध दशांश दोन-तीन ओम असतो, त्यामुळं छोटा तुकडा मोजून उपयोग नाही. काउंटरच्या पट्टीवर दोन्हींची पूर्ण एक-एक मीटर तार ताणली. एकीचा आकडा अठराच्या आत-बाहेर. दुसरीचा, वायरींचा रोध वजा केला तर, जेमतेम सव्वा.

निकेलच होतं. २०१४ च्या सुमारास व्हेपची यंत्रं तापमानावर ताबा ठेवायला शिकली तेव्हा या तारेची चलती होती. निकेल तापलं की त्याचा रोध झपाट्यानं वाढतो. यंत्रातली चिप तो वाढता रोध वाचून तारेचं तापमान ओळखते आणि वीज आवरते. चिप असेल तर उत्तम. नळीत चिप कुठली?

आता गणित करून बघा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, कॉइल ०.१ ओम. कागदावर बेचाळीस अँपिअर. त्यांच्या सेलची क्षमता वीस. प्रत्यक्षात बेचाळीस वाहत नव्हते, कारण निकेल तापत जाईल तसं स्वतःच थोडं अडवतं, सेलचा आतला रोध असतो, आणि सगळ्यात मोठा अडथळा होता ते काळं पडलेलं बटन. ज्या बटनाला आम्ही रोगाचं मूळ समजत होतो, तेच वाटेत आडवं पडून सेलला सांभाळत होतं. पाच मिनिटांचं पॉलिश आधी केलं असतं, तर चकाकणारी नळी आजोबांच्या हातात गेली असती आणि दारातच त्यांनी बटन दाबलं असतं. फ्लोरिडात २०१८ साली आणि टेक्ससमध्ये २०१९ साली व्हेपचं उपकरण फुटून एकेक माणूस दगावला आहे. नळी चारी बाजूंनी बंद असते आणि तोंडाजवळ धरलेली असते.

हे मी मॅनेजरला सांगितलं तेव्हा त्यानं कापड उचलून खणात टाकलं. काही बोलला नाही. एरवी तो फार बोलतो.

मग खरं काम. सेल आधी बाहेर. त्याचं प्लास्टिकचं वेष्टन वरच्या कडेला फाटलं होतं. सेलचं सगळं अंग ऋण असतं, धन टोक तेवढं वर, मध्ये फक्त ते वेष्टन आणि एक कागदी चकती. नवं वेष्टन चढवून देता आलं असतं, पण इतका ताण सोसलेला सेल मी परत देणार नव्हते. नवा घ्यायला लावला. आजोबा कुरकुरले, पण घेतला.

कॉइल वळवायला मी त्यांनाच बसवलं. त्यांनी शाबूत चिकटपट्टीचं कांथल घेतलं, ड्रिलच्या दांड्यावर ताण धरून आठ वेढे, एकाला एक चिकटून. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे बघून धडकी भरते, उघडी तार आणि वेढे चिकटलेले. पण कांथल तापलं की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन ऑक्साइडचा थर धरतं. आपण तांब्याला बाहेरून इनॅमल चढवतो, हे स्वतःचं स्वतः चढवतं. पाय खांबांत घातले ते अशा बाजूनं की स्क्रू आवळताना तार आत ओढली जावी, बाहेर ढकलली जाऊ नये. स्क्रू बेतानं. जास्त पिळला तर तार मुरगळून तुटते, ढिला राहिला तर आकडा नाचतो. दांडा आत असतानाच कॉइल हवेच्या भोकाच्या बरोबर वर आणली, मग दांडा काढला.

टेस्टरवर १.४३. कमी वॅटवर थोडं थोडं पेटवलं. आधी कडेचे दोन वेढे लाल झाले, मधले काळेच. चिनी मातीच्या चिमट्यानं कॉइल हलकेच दाबली, पुन्हा पेटवली, असं करत लाली मधून सुरू होऊन दोन्हीकडं सारखी पसरेपर्यंत. हा चिमटा चिनी मातीचाच लागतो. चालू कॉइलला धातूचा लावला तर वेढे शॉर्ट होतात. कापूस ओवताना किंचित अडला पाहिजे, पण कॉइल हलता कामा नये. फार कोंबला तर लिक्विड चढत नाही आणि पहिल्याच झुरक्याला कापूस करपतो. शेपट्या छाटून लिक्विडच्या वाटेवर सोडल्या.

आणि सगळ्यात शेवटी, कॉइल १.४३ आहे हे दुसऱ्यांदा बघून, बटन पॉलिश केलं.

आजोबांनी दाराबाहेर जाऊन झुरका घेतला, परत आले. ‘‘हां, ही माझी,’’ म्हणाले. त्यांना सर्किटवालं यंत्र घ्या म्हणून मी बराच वेळ गळ घातली. पडदा, मेनू, बटणांवर बटणं हे काही त्यांना नको होतं. शेवटी एक छोटा ओम टेस्टर घ्यायला राजी झाले, तोही मॅनेजरनं निम्म्या किमतीत दिला म्हणून. निकेलचं रीळ टाकून द्यायला मात्र ते तयार होईनात. भाच्यानं दिलेलं. मी त्यावर जाड लाल मार्करनं निकेल लिहिलं, वर फुली मारली, आणि त्यांनी ते डब्यात नाही, कोटाच्या वेगळ्या खिशात ठेवलं.

रात्री अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. बटनाच्या जागी त्यांनी ‘‘आयला’’ म्हणून एकदा दाद दिली. मग विचारलं, ती कांथलची तार काय भाव मिळते तिकडं?

‘‘दहा मीटरचं रीळ चार पौंडाला. म्हणजे साडेचारशे-पावणेपाचशे रुपये.’’

‘‘वजन?’’

अण्णांना तार किलोनंच कळते. मी घनता धरून हिशोब केला, पावणेसहा ग्रॅमच्या आसपास.

पलीकडं थोडा वेळ पुटपुटत आकडेमोड चालली. ‘‘किलोला ऐंशी हजार?’’ अण्णा म्हणाले, आणि आईला हाक मारली, ‘‘अगं, ही तुझी लेक चोरबाजारात कामाला आहे.’’

आता आईला दुकानाचं काय सांगायचं, ते त्यांचं त्यांनीच निस्तरावं.