पावसाळी राइडसाठी बाईकवर कॅमेरा बसवताना

जून सरला की ठाण्यातून रविवारी पहाटे बाईकवाल्यांचे घोळके माजिवड्यावरून भिवंडी बायपास धरतात आणि कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे निघतात. हा रस्ता पावसात इतका देखणा असतो की तो कॅमेऱ्यात उतरवावासा वाटणारच. पण घरी येऊन व्हिडिओ पाहिला की डोंगर जेलीसारखे हलत असतात, नाहीतर अर्ध्या चित्रावर एक थेंब ठाण मांडून बसलेला असतो. कधी माउंटच (कॅमेरा बाईकवर धरून ठेवणारा भाग) निखळलेला असतो आणि कॅमेरा दोरीला लोंबकळत आलेला असतो.

दोष पावसाला दिला जातो. खरं तर ॲक्शन कॅमेऱ्याला पाऊस सहज झेपतो. गोप्रोचे अलीकडचे हिरो ब्लॅक मॉडेल वेगळ्या केसशिवाय १० मीटर खोल पाण्यात चालतात, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ तर १८ मीटरपर्यंत. गडबड होते ती माउंट कुठे आणि कधी बसवला यात. रविवारच्या राइडसाठी माउंटची चिकट टेप शनिवारी रात्री पार्किंगमध्ये ओल्या हवेत लावली तर ती सुटणारच. ती बुधवारी रात्री लावायला हवी, कारण पुढे सांगतो.

आधी जागा. मनाशी एक साधी विभागणी ठेवा: बाईकचा काही भाग शॉकअपच्या (दणके झेलणाऱ्या स्प्रिंगच्या) वर असतो, काही खाली. पुढच्या फोर्कचा खालचा नळा, पुढचं मडगार्ड आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म हे खालचे भाग. चाक खड्ड्यात गेलं की तो दणका जसाच्या तसा यांच्यात येतो. चाकाच्या जवळचा, जमिनीलगतचा शॉट दिसायला झकास असतो, म्हणून बरेच जण कॅमेरा फोर्कवर बांधतात. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंतच्या घोडबंदर रोडवर, खड्डे आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून, असा कॅमेरा बांधू नये. तोच शॉट लेगगार्डच्या खालच्या भागावरून घ्या. लेगगार्ड शॉकअपच्या वरच्या भागांत येतो.

लेगगार्डलाही एक अडचण आहे. बऱ्याच बाईकवर तो इंजिनाच्या पुढच्या बोल्टपाशीच कसलेला असतो, त्यामुळे इंजिनाची थरथर थेट त्यात उतरते. सिंगल सिलिंडर इंजिन ३,००० आरपीएमवर (मिनिटाला ३,००० फेरे) फिरतं तेव्हा सेकंदाला ५० वेळा हादरे देतं. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचत जातो. एक फ्रेम वाचून होईपर्यंत कॅमेरा हललेला असतो, म्हणून सरळ इमारत वाकडी, लाटेसारखी दिसते. हीच ती जेली. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन मोठे हेलकावे छान सावरतं, पण जेली त्याच्या हाताबाहेरची आहे, कारण फ्रेम आधीच आतून वाकलेली असते. नंतर एडिटिंगमध्येही ती नीट निघत नाही. इलाज एकच, थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचूच द्यायची नाही.

त्यासाठी क्लॅम्प लेगगार्डच्या बाहेरच्या वळणावर न लावता बोल्टच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा. बाहेरचं वळण सगळ्यात जास्त हलतं. दुसरं, क्लॅम्प आणि कॅमेरा यांच्यात एकच सांधा ठेवा. लांब आर्म लावला की टोकाची थरथर वाढत जाते. १५० ग्रॅमचा कॅमेरा १५ सेंटिमीटरच्या आर्मवर टांगलात तर कितीही महाग माउंट असला तरी चित्र हलणारच. तिसरं, क्लॅम्पच्या आत रबर हवंच. क्लॅम्पसोबत आलेली पातळ पट्टी पुरत नाही. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या आणि नळीवर एक पूर्ण फेरा गुंडाळा. रबर पहिल्या १०-१५ किलोमीटरमध्ये दबतं आणि क्लॅम्प तेवढा सैल पडतो. म्हणून भिवंडी बायपासला एकदा थांबून अ‍ॅलन की (सहा कोनांची चावी) फिरवून तो पुन्हा कसायचाच. नव्या बसवलेल्या माउंटपैकी कितीतरी याच टप्प्यात फिरतात, आणि मग अर्धा तास फक्त डांबराचं शूटिंग होतं.

क्लॅम्प घेण्याआधी नळीची जाडी मोजा. व्हर्नियर नसेल तर दोरा एक फेरा गुंडाळून त्याची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या आणि ३.१४ ने भागा. ६९ मिमी आली तर नळी २२ मिमीची, ७९ आली तर २५ ची, ९० च्या आसपास असेल तर २८.६ ची. साध्या हँडलची पकडायची जागा बहुतेक २२ मिमी असते. मधे जाड असलेलं हँडल तिथे २८.६ मिमीचं असतं. मोठ्या क्लॅम्पमध्ये रबर कोंबून तो लहान नळीवर बसवू नका. तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पहिल्या गतिरोधकावर फिरतो.

हँडलवर कॅमेरा लावलात तर हँडलबरोबर चित्रही डावी-उजवीकडे फिरणार, हे धरून चाला. घाटाच्या वळणांवर ते पाहणाऱ्याला त्रासदायक होतं. बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा: कॅमेरा टाकीला घासतोय का, क्लचची केबल किंवा ब्रेकचा पाइप दाबला जातोय का, हेडलाइट किंवा इंडिकेटर झाकला जातोय का. ब्रेकचा पाइप चिमटला जात असेल तर ती जागा सोडून द्या, शॉट कितीही चांगला मिळत असला तरी.

आता चिकटवायचे माउंट. टाकी, टेल किंवा हेल्मेटवर हाच मार्ग असतो, आणि ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त फसतो तोही हाच. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी स्पंजची डबल टेप इथे चालत नाही, ती पाणी शोषते. ॲक्रिलिक फोमची टेप लागते. थ्रीएमच्या व्हीएचबी प्रकारातली ५९५२ नंबरची काळी, १.१ मिमी जाडीची टेप रंगवलेल्या पत्र्यावर आणि प्लास्टिकवर उत्तम धरते. पण कोणत्या प्लास्टिकवर, हे पाहावं लागतं. बाईकचे रंग न दिलेले, खडबडीत काळे भाग, म्हणजे मडगार्डची आतली बाजू किंवा साइड पॅनेलचा मॅट भाग, यांवर कुठलीच टेप नीट धरत नाही. गुळगुळीत, रंगवलेला, शक्यतो सपाट भाग निवडा. भाग गोलाई असलेला असेल तर गोल तळाचाच माउंट घ्या. सपाट तळ वाकवून चिकटवला की तो सरळ व्हायला बघतो आणि कडेपासून सुटत जातो.

आणखी एक गोष्ट इथे फार घडते. सर्व्हिसिंगच्या वेळी टाकीवर टेफ्लॉन कोटिंग किंवा पॉलिश करून घेतलेलं असतं. त्यावर पाणी टिकत नाही, तशी टेपही टिकत नाही. माउंटची जागा आधी भांड्यांच्या साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती कापडावर घेऊन एकाच दिशेने पुसा, कापडाची बाजू बदला, पुन्हा पुसा. पाणी शिंपडून बघा. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर कोटिंग अजून आहे, पाणी पसरलं तर जागा तयार आहे. हेल्मेटवर थिनर किंवा पेट्रोल चुकूनही लावू नका. पॉलिकार्बोनेटचं कवच त्याने आतून कमकुवत होतं आणि ते वरून दिसतही नाही.

जुलैच्या हवेत वाळलेला दिसणारा पत्राही वाळलेला नसतो, त्यावर ओलाव्याचा पातळ थर असतो. म्हणून हेअर ड्रायरने जागा हाताला चांगली कोमट लागेल इतकी गरम करा, मग टेपचा कागद सोला, चिकट बाजूला बोट लागू देऊ नका, आणि माउंट एकदाच नीट जागेवर ठेवा. उचलून पुन्हा चिकटवायचा नाही. अंगठ्याने प्रत्येक कोपरा आणि मधला भाग १५-२० सेकंद जोर देऊन दाबा. आता बुधवारचं कारण: या टेपची पकड २० मिनिटांत साधारण निम्मी येते, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात. बुधवारी रात्री दहाला लावलेला माउंट रविवारी पहाटे पाचला पूर्ण भरात असतो. तोवर त्यावर कॅमेरा लटकवू नका आणि बाईक छपराखाली ठेवा. इमारतीचं पार्किंग उघडं असेल तर निदान कव्हर घाला.

हेल्मेटवर कॅमेरा हवाच असेल तर तो हनुवटीवर, पुढे. डोक्यावर उंच बसवलेला कॅमेरा वाऱ्यात मान ओढतो. हेल्मेटला भोक पाडणं किंवा स्क्रू मारणं हा विषयच काढू नका. पट्ट्यांचा चिन माउंट घेतला तर तो पुढची हवेची जाळी झाकतो का ते पाहा. झाकत असेल तर काचेवर आतून वाफ धरेल आणि माळशेजच्या धुक्यात तुम्हाला रस्ताच दिसणार नाही. बाईकवर धातूचे सांधे चांगले, पण हेल्मेटवर सांधा प्लास्टिकचाच हवा, म्हणजे पडल्यावर तो मोडून कॅमेरा सुटतो आणि मान वाचते.

सांध्यातला स्क्रू एम-५ असतो. हाताने फिरवायच्या प्लास्टिकच्या मुठीऐवजी वागळे इस्टेटच्या किंवा तुर्भ्याच्या हार्डवेअरवाल्याकडून २० मिमी लांबीचा स्टेनलेसचा अ‍ॅलन बोल्ट आणा. साधा जस्त चढवलेला बोल्ट खाडीच्या हवेत एका पावसाळ्यात गंजतो. हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे, जास्त पिळलं तर प्लास्टिकला तडा जातो. निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) फक्त धातूच्या सांध्यात वापरा. ते प्लास्टिकला लागलं की काही दिवसांत बारीक चिरा पडतात.

कॅमेऱ्याला दोरी हवीच, पण ती माउंटला न बांधता बाईकच्याच दुसऱ्या घट्ट भागाला बांधा. लांबी १२ ते १५ सेंटिमीटर. हँडलवरून लांब दोरीने सुटलेला कॅमेरा पुढच्या चाकात जाऊ शकतो, तेव्हा दोरी ओढून ती चाकापर्यंत पोचत नाही हे हाताने तपासा.

थेंबांचं काय? गाडीच्या काचेला लावतात ते पाणी झटकणारं द्रव बरेच जण लेन्सवर लावतात. ते लावायचंच तर बदलता येणाऱ्या बाहेरच्या काचेवरच लावा. ६० च्या पुढे वारा ते थेंब ढकलून देतो, पण कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये तेच थेंब गोल मण्यांसारखे चिकटून राहतात आणि चित्र आणखी बिघडतं. हळू चालताना उलटा उपाय लागतो: काचेवर बेबी शाम्पूचा अगदी पातळ हात फिरवा, पाणी थेंब न धरता सपाट पसरतं आणि चित्र स्वच्छ येतं. तो जोरदार पावसात काही मिनिटांत धुतला जातो, म्हणून छोटी बाटली खिशात ठेवा. लेन्स किंचित खाली झुकवली तरी थेंब कमी बसतात.

आतून धरणारं धुकं वेगळं. मुरबाडला टपरीवर ओल्या हातांनी बॅटरी बदलली की दमट हवा आत कोंडली जाते. शूटिंगमध्ये कॅमेरा तापतो, घाटात गार पाऊस लेन्सवर पडतो आणि आतल्या बाष्पाचं पाणी होतं. आदल्या रात्री कॅमेऱ्याचं दार उघडं ठेवून तो घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, सकाळी काढताच दार बंद करा. वाटेत बॅटरी बदलायचीच तर छपराखाली, हात पुसून, पटकन. चालू चार्जिंगसाठी दारातून केबल काढलीत तर कॅमेरा वॉटरप्रूफ राहत नाही.

सेटिंग थोडक्यात. ढगाळ उजेडात सेकंदाला ३० ऐवजी २५ फ्रेम आणि अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. पाम बीच रोडवरचे रात्रीचे दिवे मग लुकलुकत नाहीत. एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काळसर काच) पावसात काढून ठेवा, शटर आणखी मंदावलं की स्टॅबिलायझेशन केलेल्या चित्रावर धूसर झटके दिसतात. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्डिंग केलं तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास पुरतं. कार्ड व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं घ्या. आवाजासाठी बाहेरचा माइक पावसात जोडू नका.

निघण्याआधी जागच्या जागी चाचणी करा: बाईक मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, आरपीएम ३,००० पर्यंत हळूहळू चढवत समोरच्या इमारतीच्या कडेचं एक मिनिट शूटिंग. मग ते मोबाइलवर बघा. कड वाकडी दिसली तर क्लॅम्प दोन सेंटिमीटर सरकवा आणि पुन्हा बघा. एवढ्याशा अंतरानेही फरक पडतो.

परतल्यावर चिखल साध्या पाण्याने धुवा, दार उघडण्याआधी कॅमेरा पूर्ण पुसा, आणि दाराच्या रबरावर वाळूचा कण किंवा केस अडकलाय का ते उजेडात पाहा. टेपचा माउंट काढायचा असेल तर खेचू नका. ड्रायरने गरम करून खालून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढा, आणि राहिलेला चिकटपणा नीलगिरीच्या तेलाने पुसून टाका.