आज सहा गैरहजर
दिवाळी सरली की आमच्या जत तालुक्यात हजेरीपत्रक विरळ होतं. आज तिसरीत ६ गैरहजर. शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले. पाचजण आईबापासोबत ऊसतोडीला, वाळव्याकडं. जाताना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तिथल्या शाळेत बसता येतं. पण टोळी पहाटेच उठून गेली, मला सांगणार कोण?

सहावी मुलगी घरीच. कडेवर धाकटा भाऊ. आजी म्हणाली, "बाई, हिनं शाळा धरली तर ह्याला कुणी धरायचं?"

२००९ चा शिक्षण हक्क कायदा, ६ ते १४ वयाचा हक्क, सगळं मला पाठ. तिथं एक शब्द सुचला नाही. शेवटी म्हटलं, त्यालाही घेऊन ये. उद्या वर्गात भोकाड पसरणार, माहितीय. पर्समध्ये बिस्किटाचा पुडा टाकलाय.