रीमॅप दीड तासात, स्टॉक फाईल एकोणीस दिवसांनी

ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, गाडीला सुरक्षित आहे का, असं विचारलं की ते करून देणाऱ्या ट्यूनरचं उत्तर ठरलेलं असतं: "स्टेज वनला (सुटे भाग न बदलता केलेल्या रीमॅपला) काही होत नाही सर." माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. तुमच्याच गाडीतून वाचलेली कंपनीच्या सॉफ्टवेअरची मूळ (स्टॉक) फाईल तुमच्या हातात आहे का? ती मिळवण्यात माझे एकोणीस दिवस गेले, म्हणून अर्धं लिखाण तिच्यावरच आहे. राग अजून उतरलेला नाही, हेही खरं.

गाडी पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, आपल्या चाकणलाच बनलेली. कंपनीचे आकडे: ताकद ११० पीएस, टॉर्क १७५ एनएम. वॉरंटी संपलेली. तुमची चालू असेल तर हा विषय सोडून द्या. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत सर्व्हिस सेंटरचा संगणक जोडला की सॉफ्टवेअर मूळ नाही हे कळू शकतं, गाडीवर 'टीडी१' असा शेरा पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सचे क्लेम अडकतात. पुढे मूळ फाईल परत टाकली तरी सॉफ्टवेअर बदलून लिहिल्याची नोंद ईसीयूत राहू शकते.

आता ती फाईल. बऱ्याच नव्या ईसीयूंमधून ओबीडी सॉकेटवाटे (गाडीतल्या तपासणीच्या जोडणीवाटे) पूर्ण वाचन होतच नाही. टूल फक्त हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर आणि व्हर्जन वाचतं, आणि त्या नंबराची फाईल साठ्यातून उतरवून घेतं. याला म्हणतात 'व्हर्च्युअल रीड'. म्हणजे "स्टॉक फाईल काढून ठेवलीय" असं ट्यूनर सांगतो तेव्हा अनेकदा त्या नंबरांपलीकडे तुमच्या गाडीतून एक अक्षरही बाहेर आलेलं नसतं.

पहिल्या दिवशी मला अशीच फाईल मेलवर आली. पार्ट नंबर बरोबर, पण व्हर्जनचे शेवटचे चार आकडे वेगळे. गॅरेजला जाण्याआधी घरी स्कॅनर लावून ईसीयूच्या ओळखीचा फोटो काढला होता, म्हणून लक्षात आलं. तुम्हीही तो फोटो काढाच, पाच मिनिटांचं काम आहे. व्हर्जन बदललं की फाईलमधले मॅपचे (बूस्ट, इंधन, ठिणगी ठरवणाऱ्या तक्त्यांचे) पत्ते सरकू शकतात. एका व्हर्जनचे मॅप दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर बसले की गाडी सुरूच न होणं किंवा लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी करून चालण्यात) जाणं, काहीही होऊ शकतं.

मग आठवडाभर "सर, सर्व्हर डाऊन आहे", "मुलगा गावाला गेलाय". दहाव्या दिवशी दुसरी फाईल आली. हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाईलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडली. खऱ्या फाईलमध्ये सॉफ्टवेअर नंबर शोधला की तो वाचता येईल अशा अक्षरांत सापडतो. इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता खिचडा. कारण त्या दुकानात होतं 'स्लेव्ह' टूल. स्लेव्हने वाचलेली फाईल कुलूपबंद असते, ती ज्याच्याकडे 'मास्टर' आहे त्यालाच उघडते. तो मास्टर दुसऱ्या शहरात, आणि मॅप लिहिणाराही तोच. दुकानदार फक्त केबल लावणारा. हे त्याने आधी सांगितलं असतं तर माझे निदान दोन हेलपाटे वाचले असते. उलट मलाच ऐकवलं, "फाईल आमची प्रॉपर्टी असते." बदललेली फाईल तुमची, मान्य. मूळ फाईल गाडीबरोबर पैसे मोजून घेतलेली आहे!

शेवटी दुसऱ्या दुकानात बेंच रीड करून घेतलं, समोर उभं राहून. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, मग ईसीयू बाहेर, आणि टेबलावर स्थिर १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर वाचन. ईसीयूच्या दोन मेमरी, फ्लॅश (सॉफ्टवेअर आणि मॅप) आणि ईईप्रॉम (गाडीची स्वतःची माहिती), दोन्ही वेगवेगळ्या फाईलींत मागा. इमोबिलायझरची (चोरीविरोधी कुलपाची) माहिती ईसीयूच्या आतच असते. लिहिताना ईसीयू मेला तर दुसऱ्यात क्लोन करायला हा पूर्ण संच लागतो, व्हर्च्युअल रीडची फाईल त्या वेळी कामाला येत नाही. फ्लॅशचं वाचन दोनदा करून घ्या आणि दोन्ही फाईली विंडोजच्या 'एफसी' कमांडने बायनरीत ताडून पाहा. एका बाइटचाही फरक निघाला तर केबल किंवा पुरवठा खराब, परत वाचा.

नवा मॅप ईसीयूत प्रत्यक्ष लिहिणं सोपं गेलं. लेखन चालू असताना व्होल्टेज पडलं की ईसीयूची वीट होऊ शकते (तो निकामी होतो), म्हणून साधा चार्जर चालत नाही. सुमारे साडेतेरा व्होल्ट धरून ठेवणारा स्टॅबिलायझर हवा. एसी, दिवे, डॅशकॅम बंद.

किती टॉर्क मागायचा, हे ट्यूनरवर सोडू नका. मी २१० एनएमला थांबवलं, आणि तोही २,००० आरपीएमच्या वर. दोन कारणं. या गाडीचा एमक्यू२०० गिअरबॉक्स नावाप्रमाणे २०० एनएमच्या आसपासचा, आणि क्लच मूळचाच. दुसरं जास्त महत्त्वाचं: लहान टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन, कमी आरपीएम आणि पूर्ण पेडल, या जुळणीत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. त्यात पिस्टन फुटू शकतो. "दीड हजारालाच कशी ओढते बघा" असं दाखवणारा मॅप मला नको होता.

क्लच तपासायला वरच्या गिअरमध्ये २,००० वरून पूर्ण पेडल द्या. आरपीएम उडाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय, टॉर्क कमी करून घ्या.

लॉग, म्हणजे गाडी चालवताना स्कॅनरने आकड्यांची नोंद, रीमॅपच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. तिसरा गिअर, १,८०० ते ४,०००, रिकाम्या सरळ रस्त्यावर. वेग शंभरीच्या आत राहतो. वरचे आरपीएम डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट (टर्बोचा दाब), प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड (ईसीयूने ठिणगी किती उशिरा केली ते), लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), आत येणाऱ्या हवेचं तापमान, रेल प्रेशर (इंधनाचा दाब), एवढं नोंदवा. अधूनमधून दोन-तीन अंश रिटार्ड चालतं. दर पुलात (पूर्ण पेडलच्या फेरीत), एकाहून जास्त सिलिंडरवर सहाच्या पुढे जात असेल तर तो मॅप इथल्या पेट्रोलसाठी नाही. युरोपात ९८ ऑक्टेनवर बसवलेली फाईल जशीच्या तशी विकणारे इथे आहेत. शिवाय ई२० मध्ये इथेनॉल जास्त, त्यामुळे त्याच हवेला इंधन जास्त लागतं: ई१० चं (१० टक्के इथेनॉल) हवा-इंधनाचं प्रमाण साधारण १४.१ ला १, ई२० चं १३.५. फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतः करतो ती इंधनाची दुरुस्ती) किती वाढलाय ते आधीच पाहून ठेवा, नाहीतर मॅपला उगाच दोष द्याल.

पीयूसी पास झाली म्हणून मॅप चांगला ठरत नाही. ती तपासणी उभ्या गाडीची, भाराशिवाय होते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. सेन्सरला चकवणारा 'ट्यूनिंग बॉक्स' स्वस्त पडतो, पण त्यात ईसीयूला खरा बूस्ट कळतच नाही आणि तो चुकीच्या आकड्यावर इंजिन सांभाळत बसतो.

प्लग रीमॅपच्या आधी बदला, नाहीतर बूस्टमध्ये मिसफायर होईल आणि खापर फाईलवर फुटेल. ऑइल मी १५,००० ऐवजी ७,५०० किलोमीटरला बदलतो. आणि सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवर लिहून घ्या: सॉफ्टवेअर अपडेट करू नये. नाहीतर तिथला मुलगा अपडेट मारतो आणि तुमचा मॅप पुसला जातो.