गच्चीवरचा मका: दाट आणि विरळ परागणाची नोंद

या पावसाळ्यातली कणसे सोलून, वाळवून आणि दाणे मोजून झाले आहेत, त्यामुळे मागच्या नोंदीतल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. एकाच कणसावर दोन जातींचा पराग मिसळून टाकला, तर बीजांडापर्यंत (ज्याचा पुढे दाणा होतो) आधी कोण पोचतो, आणि हे सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसत्या दाण्यांवरून ओळखता येते का, असा तो प्रश्न होता.

मका निवडला तो त्याच्या दाण्यांसाठी. कणसाचा प्रत्येक केस एकाच बीजांडाला जोडलेला असतो. त्यावर कितीही परागकण रुजले, तरी फलन सहसा एकाच परागनलिकेकडून, म्हणजे रुजलेल्या कणातून केसाच्या आत खाली वाढणाऱ्या नळीकडून होते. दाण्यातला भ्रूणपोषही (अंकुराला पोसणारा पिठूळ भाग) फलनातूनच तयार होत असल्यामुळे, पिवळ्या जातीचा पराग आधी पोचला तर पांढऱ्या मक्याच्या कणसातही तो दाणा त्याच हंगामात पिवळसर दिसतो. मादी, म्हणजे पराग घेणारे झाड, मात्र पांढरीच हवी. पिवळ्या कणसात भ्रूणपोषाला आईकडून पिवळ्या रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, त्यामुळे पांढरा पराग जिंकला तरी दाणा पिवळाच राहतो आणि निकाल वाचता येत नाही.

इंदुरात राजेंद्रनगरच्या गच्चीवर गोण्यांमध्ये काळी माती आणि शेणखत भरून देशी पांढरा आणि शुद्ध पिवळा, असे दोन्ही मके जूनअखेरीस लावले होते. केस बाहेर येण्याआधीच कणसांना कागदी पिशव्या बांधल्या, आणि परागणाच्या आदल्या संध्याकाळी केसांची टोके एका रेषेत कापली, म्हणजे सकाळी सारख्या उंचीचा झुबका मिळतो. आपल्याकडच्या ऑगस्टमध्ये खरी अडचण पावसाची आहे, कारण पाणी लागले की परागकण फुटतात. म्हणून दव सुकून तुरे मोकळे झाल्यावरच दोन्हींचा पराग झटकून घेतला, समान मापाने मिसळला आणि लगेच वापरला. मक्याचा पराग उन्हात फार वेळ जगत नाही. पांढरा पराग त्याच झाडाचा न घेता शेजारच्या पांढऱ्या झाडांचा घेतला.

या प्रयोगाचा कणा माझ्या मते विरळ परागणात आहे. काही कणसांवर मिश्रण भरपूर टाकले. इतरांवर तेच मिश्रण, आधीच्या दिवसाचा वाळून निकामी झालेला पराग भर म्हणून मिसळून, अगदी थोडे टाकले. एका केसावर जेमतेम एखादाच जिवंत कण पडला तर स्पर्धा उरत नाही, आणि अशा कणसातले पिवळ्या-पांढऱ्याचे प्रमाण मिश्रणातल्या जिवंत परागाचे प्रमाण दाखवते. ते हाती नसेल, तर दाट कणसात पिवळे दाणे जास्त आले ते वेगामुळे की मुळात पिवळा पराग अधिक ताजा होता म्हणून, हे सांगताच येणार नाही.

विरळ कणसे अपेक्षेप्रमाणे बोडकी निघाली, दाण्यांमध्ये मोठाली अंतरे, पण त्यांत दोन्ही रंग जवळपास सारखे होते. दाट कणसे टोकापर्यंत भरली आणि त्यांत पिवळ्याचे पारडे स्पष्ट जड होते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हा फरक तळाकडे वाढत गेलेला दिसला. तळाच्या दाण्यांचे केस सर्वांत लांब असतात, मोठ्या कणसात ३० सेंटीमीटरपर्यंतही, त्यामुळे तिथे वेगवान नलिकेला आघाडी घ्यायला जास्त वाव मिळतो.

तरीही तळाचे केस आधी बाहेर पडतात, म्हणजे परागणाच्या वेळी ते वयानेही मोठे असतात. टोके कापून लांबीचा बाहेरचा फरक गेला, वयाचा गेला नाही. हा मुद्दा सुटेपर्यंत तळ आणि टोक यांच्यातल्या फरकाला मी पुरावा म्हणणार नाही. दाट आणि विरळ यांच्यातला फरक मात्र मी मानतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड मल्काही यांनी १९७९ मध्ये असे मांडले की सपुष्प वनस्पतींच्या यशामागे परागकणांमधली ही चुरस एक कारण असावी: कीटक एकाच वेळी अनेक कण आणून टाकतात, आणि कुक्षीवृंतातून, म्हणजे फुलातल्या बीजांडाकडे नेणाऱ्या दांड्यातून, जाताना दुबळे कण बी धरण्याआधीच मागे पडतात. परागकणातली बरीच जनुके तो वाढत असताना स्वतःच काम करत असल्यामुळे ही चाळणी पुढच्या पिढीपर्यंत पोचू शकते. म्हणून दाट आणि विरळ कणसांतले फक्त पिवळसर दाणे निवडून वेगवेगळे ठेवले आहेत. पुढच्या जूनमध्ये ते शेजारी शेजारी पेरून रोपांची उंची आणि जोम पाहणार आहे. पेरणीआधी दाण्यांचे वजनही घ्यावे लागेल, कारण बोडक्या कणसात उरलेल्या दाण्यांना जागा आणि अन्न जास्त मिळते, आणि जड दाण्याचे रोप सुरुवातीला तसेही जोरकस दिसते.