शिव्या ऐकून उठून जाऊ नका

जळगावला काय किंवा अमळनेरला काय, लग्नाच्या पंगतीत ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच: 'ताई, तुम्ही म्हणे पोरांसोबत बसून ते स्टँडअप, म्हणजे एकट्यानं मंचावर उभं राहून लोकांना हसवायचे कार्यक्रम बघता. त्यात तर नुसत्या शिव्या असतात. कसं काय चालतं तुम्हाला?' विचारणाऱ्याच्या बोलण्यात कधी काळजी असते, कधी नाराजी. माझी मुलगी सतरा वर्षांची, मुलगा पंधराचा. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

हो, बघते. सगळं नाही, पण बघते. मी नाही बघितलं म्हणून त्यांचं बघणं थांबणार नाही, फक्त माझ्या माघारी होईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटंट' या यूट्यूबवरच्या विनोदी कार्यक्रमातल्या आई-वडिलांविषयीच्या एका प्रश्नावरून देशभर गदारोळ झाला, महाराष्ट्र सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला, त्या कार्यक्रमाचे भाग यूट्यूबवरून काढले गेले. त्या आठवड्यात ओळखीतले कितीतरी पालक म्हणाले, 'आता मोबाइलच काढून घेतो.' तोवर ती क्लिप नववी-दहावीच्या पोरांच्या ग्रुपवर फिरून झालेली होती.

मला शिवीपेक्षा रीलची जास्त भीती वाटते. तासाभराच्या कार्यक्रमात कलाकार आधी स्वतःविषयी बोलतो, घरचं सांगतो, बापाशी झालेलं भांडण सांगतो आणि मग कुठे त्या एका झोंबणाऱ्या वाक्यावर येतो. रीलमध्ये तेवढं वाक्यच उरतं, मागचं-पुढचं गळून जातं. त्यातही प्रेक्षकांतल्या कुणाला उभं करून, नाव-गाव-पगार विचारून त्याची फिरकी घेतलेल्या क्लिप सगळ्यात जास्त फिरतात. समोरचा बिचारा खरा माणूस असतो, आणि पोरं दुसऱ्या दिवशी वर्गात तेच करतात. म्हणून आमच्या घरचा आग्रह असा, की बघायचं तर अख्खा कार्यक्रम बघू.

वयाचं म्हणाल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवर, म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी, पाच गट पाडून दिलेत: यू (सगळ्यांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए (फक्त प्रौढांसाठी). यूए १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना पालकांसाठी कुलूप द्यावंच लागतं. कार्यक्रमात काय आहे, भाषा की लैंगिक उल्लेख की नशा, तेही लिहावं लागतं. ती ओळ वाचा, बहुतेक जण वाचतच नाहीत. 'ए' असेल तर आमच्याकडे अठरापर्यंत नाही, त्यावर चर्चा नाही. मुलाला १६+ चं काही बघायचं असेल तर मी आधी एकटी बघते, मग ठरवते. यूट्यूबवर लोक स्वतः टाकतात त्या व्हिडिओंना मात्र हे गट लागू नाहीत. तिथं यूट्यूबची स्वतःची अठराची अट असते, पण ती सगळ्या व्हिडिओंना नसते. तिथं आपल्यालाच बघावं लागतं.

आता शिव्यांचं. आमची पोरं एसटी स्टँडवर, क्रिकेटच्या मैदानावर, क्लासच्या बाहेर त्या रोज ऐकतात. शिवी ऐकून मूल बिघडलं असं मला तरी दिसलेलं नाही. मी वेगळं बघते. जोक कोणावर आहे? स्वतःच्या बापाच्या कंजूषपणावर, नेत्याच्या बडेजावावर, आपल्याच भित्रेपणावर असेल तर भाषा कितीही रांगडी असो, मी बसून राहते. काळ्या रंगावर, जातीवर, अपंगावर, नको म्हणणाऱ्या मुलीवर असेल तर एकही शिवी नसली तरी मला चालत नाही.

परवा एका हिंदी कार्यक्रमात कलाकार सांगत होता, मुलगी तीनदा नाही म्हणाली, चौथ्यांदा विचारलं तेव्हा नुसती हसली, म्हणजे जमलंच. सभागृह खदखदून हसलं. माझा मुलगाही हसला, मुलगी हसली नाही. मी थांबवलं नाही. मुलगीच म्हणाली, 'क्लासच्या बाहेर एक जण रोज उभा राहतो ना, त्याला बघून मी पण हसते. भीतीनं.' मुलाचा चेहरा उतरला. 'कोण आहे तो?' एवढंच त्यानं विचारलं. मग कार्यक्रम थांबवला आणि पुढचा अर्धा तास आम्ही बोलत राहिलो. क्लासबाहेरच्या त्या पोराची गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. एरवी 'क्लासला काही त्रास नाही ना?' असं मी कितीदा विचारलं असेल, उत्तर कायम 'नाही' असंच यायचं.

पण प्रत्येक जोकवर असं बोलायला बसू नका. पोरं पुन्हा शेजारी बसणार नाहीत. अंगावर येणारा विनोद आला की नजर चोरायची नाही, घाईनं पुढेही ढकलायचं नाही. 'हे मला नाही आवडलं' एवढं म्हणायचं आणि पुढे बघायचं. आवडलं तर मोकळेपणी हसायचं. आई कशावर हसते हे पोरं बरोबर टिपतात. बलात्कारावर किंवा लहान मुलांवर विनोद आला तर मी बंद करते. कारण एकदाच सांगते.

सासूबाई हॉलमध्ये असल्या की आम्ही लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसतो. मुलगा म्हणाला, हे तर लपवणं झालं. मी म्हटलं, माणूस बघून बोलायचं असतं, आजीसमोर तू तरी मित्रांसारखा बोलतोस का? सासूबाईंनी बाहेरून ऐकलं. म्हणाल्या, 'माले काय सांगतीस? हळदीच्या रात्री आम्ही विहिणीला जी गाणी म्हणायचो, ती ऐकशील तर कान झाकशील.' खरंच आहे. आपल्याकडच्या यात्रेतला तमाशा, त्यातला सोंगाड्या आणि बतावणी कुठे सोवळी होती? फरक एवढाच, की तिथं अख्खा गाव शेजारी बसलेला असायचा. आज पोरगं कानात हेडफोन घालून एकटं असतं.

सुरुवात करायची असेल तर मराठीपासून करा. भाडिपासारख्या (भारतीय डिजिटल पार्टी) चॅनेलनी मराठी स्टँडअप यूट्यूबवर आणलंय, त्यातलं बरंचसं आपल्याच घरातलं वाटतं. आणि पहिल्या दिवशी निवड तुम्ही करू नका. पोराला विचारा, तुला कोण आवडतो. नाव कळलं की रात्री एकट्यानं बघून घ्या, आणि रविवारी जेवणं आटोपली की त्यालाच म्हणा, लाव.