न्यूझीलंड कॅम्पर: हिरव्या कार्डावरचा आकडा

मंडळी, मागच्या वेळी साउथ आयलंडचा मार्ग जवळजवळ पक्का केला होता. आता निम्मा पुन्हा मांडतोय, आणि कारण गाडी.

आपल्याला आवडलेली ती फोर-बर्थ. जाहिरातीत ‘सेल्फ-कंटेन्ड’ (पाणी, टॉयलेट, सांडपाणी सगळं गाडीतच) असं ठळक लिहिलेलं. पैसे भरण्याआधी कंपनीकडे हिरव्या कार्डाचा, म्हणजे गाडीच्या सेल्फ-कंटेन्ड सर्टिफिकेटचा, फोटो मागितला. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर एकदाचा आला. त्यावर माणसं किती? 2! झोपायची सोय चौघांची, सीटबेल्ट चार, पण फ्रीडम कॅम्पिंगची (कॅम्पसाइटबाहेर, सार्वजनिक जागेवर गाडीत रात्र काढण्याची) परवानगी दोघांनाच. आईबाबांना घेऊन पुकाकी तळ्याच्या काठावर रात्र काढली तर दंड ठरलेला.

2023च्या कायद्याप्रमाणे सर्टिफिकेट माणसं मोजून मिळतं. बाहेरून काही न घेता, बाहेर काही न सोडता 3 दिवस राहता आलं पाहिजे. पाणी माणशी रोज 4 लिटर, सांडपाण्याची टाकीही त्याच मापात. टॉयलेट गाडीला पक्कं बसवलेलं हवं, आणि बेड अंथरलेला असतानाही वापरता आलं पाहिजे. आधीच्या निळ्या स्टिकरच्या दिवसांत पोर्टेबल टॉयलेट चालून जायचं, ते बंद झालं. नियम मला पूर्ण पटतो. तळ्याकाठची घाण थांबवायची तर दुसरा उपाय नाही.

मग आपली गाडी अडली कुठे? ताजं पाणी भरपूर आहे, पण स्पेसिफिकेशन खोदून काढल्यावर ग्रे वॉटरची (सांडपाण्याची) टाकी सापडली 30 लिटरची. चौघांना 3 दिवसांसाठी 48 लागतात. कोडं सुटलं, त्या रात्री झोप छान लागली.

तेव्हा फोर-बर्थच ठेवून मुक्काम डॉकच्या (तिथल्या सरकारी निसर्ग संवर्धन खात्याच्या) कॅम्पसाइटवर हलवायचे, असं ठरवलं. तिथे टॉयलेट असतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कार्ड आड येत नाही. मिलफर्डच्या वाटेवर तर तसंही एग्लिंटन खोऱ्यातलं कॅस्केड क्रीकच मनात होतं. डंप स्टेशन (टाक्या रिकाम्या करायची जागा) शोधायला कॅम्परमेट ॲप उत्तम, पण रात्री कुठे थांबायचं यासाठी मी फक्त त्या त्या कौन्सिलचा नकाशा मानतो. ॲपवरच्या जुन्या शेऱ्यांवर विसंबू नका.

हे लिहितानाच मात्र डोक्यात आलं: सिक्स-बर्थ का नको? न्यूझीलंडमध्ये साधं कार लायसन्स 6,000 किलोपर्यंत चालतं. लांबी 7 मीटरच्या पुढे जाते, म्हणून वानाकाहून क्वीन्सटाउनला क्राउन रेंजचा घाटरस्ता सोडून क्रॉमवेल आणि कवाराउ घळीतून जाऊ. क्रॉमवेल फळबागांचं गाव, जानेवारीत चेरी असतात. बाबांना हा वळसा नक्की आवडेल. आणि तिचं कार्ड चौघांचं निघालं, तर पुकाकी परत यादीत येतं!

दुसऱ्या कंपनीला लगेच मेल टाकला आहे: कार्डाचा फोटो आणि ग्रे टाकीचे लिटर, दोन्ही हवेत. तुमच्यापैकी कोणी एवढी लांब गाडी हास्ट पासवरून नेली असेल, तर उतारावरचा अनुभव जरूर सांगा.